विश्लेषण : ब्लॅकजॅकचा तक्ता पाठ असूनही पैसे का जातात?

ब्लॅकजॅकला कॅसिनोतला ‘डोक्याचा खेळ’ मानतात. रूलेटचा चेंडू कुठे पडेल हे खेळणाऱ्याच्या हातात नसते. इथे पान घ्यायचे की थांबायचे, हे तो स्वतः ठरवतो. म्हणून मोबाइलवर ‘बेसिक स्ट्रॅटेजी’चा तक्ता पाहून मांडवीतल्या तरंगत्या कॅसिनोत शिरणाऱ्याला आपण तयारीनिशी आलो असे वाटते. ती तयारी खोटी नसते, पण अपुरी असते.

तक्ता काय सांगतो?

बेरीज २१ च्या पुढे गेली की ‘बस्ट’. आणखी पान मागणे ‘हिट’, थांबणे ‘स्टँड’, पैज दुप्पट करून एकच पान घेणे ‘डबल’, सारख्या पानांची जोडी फोडणे ‘स्प्लिट’. एक्का अकराचा धरता येतो तो हात ‘सॉफ्ट’. कधी काय करावे याचे गणित १९५६ मध्ये अमेरिकी लष्करातील चौघांनी साध्या गणनयंत्रांवर मांडले. एक्क्यांची आणि अठ्ठ्यांची जोडी फोडावी, दश्श्यांची फोडू नये, ही सूत्रे त्या गणितातली. हातात १६ आणि डीलरचे उघडे पान दहाचे असेल, तर बहुतेक जण घाबरून थांबतात. खरे तर दोन्ही वाटा तोट्याच्याच. पान घेतल्यास तोटा किंचित कमी, इतकेच.

मग कॅसिनो जिंकतो कसा?

खेळणारा आधी खेळतो म्हणून. तो बस्ट झाला की पैसे लगेच गेले. नंतर डीलरही बस्ट झाला तरी ते परत मिळत नाहीत. चांगल्या नियमांच्या टेबलावर तक्ता तंतोतंत पाळला, तर कॅसिनोची आघाडी सुमारे अर्ध्या टक्क्यावर येते. शून्यावर नाही.

खरी मेख टेबलावरच्या कापडावर छापलेली असते. पहिल्या दोन पानांत एक्का आणि दहाचे पान आले की तो ‘ब्लॅकजॅक’. त्याला जुन्या रिवाजाने ३:२, म्हणजे १०० रुपयांवर १५० मिळतात. लास व्हेगासमध्ये गेल्या दोन दशकांत ६:५ ची टेबले पसरली. तिथे १०० वर १२० च. असा हात साधारण २१ डावांत एकदा येतो. तेवढ्यानेच कॅसिनोची आघाडी जवळपास १.४ टक्क्यांनी वाढते. ५०० रुपयांची पैज आणि तासाला ६० डाव धरले, तर सरासरी तोटा १५० रुपयांवरून साडेपाचशेच्या पुढे जातो. तक्ता तोच, खेळणाराही तोच! ‘सहा’ आणि ‘पाच’ हे आकडे मोठे दिसतात म्हणून ते टेबल उदार वाटते, हा भाग वेगळा.

‘इन्शुरन्स’ही तसाच. डीलरचा एक्का दिसला की ही जोडपैज पुढे केली जाते. ती दुप्पट देते, म्हणजे तीनपैकी एकदा तरी जिंकायला हवी. पण उरलेल्या ५१ पानांत दहाची १६ च. प्रमाण ३१ टक्के. नाव विम्याचे, हप्ता मात्र महाग.

पाने मोजून मात करता येते, हे एडवर्ड थॉर्प यांनी १९६२ च्या ‘बीट द डीलर’ मध्ये दाखवले. कॅसिनोंनी अनेक जोड आणि सतत पिसणारी यंत्रे आणून ती वाट बरीच अरुंद केली. त्यामुळे नवख्याने मोजणी शिकण्याआधी कापडावरची ओळ वाचावी. ६:५ दिसले तर त्या टेबलावर बसू नये. सराव मोबाइलवर करायचा तर बिनपैशाच्या ॲपवरच. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे.