आधी पाणी, मग तेल

मंडळी, या शनिवारी विषय जरा वेगळा आहे. सॉफ्टवेअरचा नाही, हिंजवडीच्या ट्रॅफिकचा नाही, आणि नव्या मोबाईलचा तर नाहीच नाही. विषय आहे बार उडवल्यानंतर ठासणीच्या बंदुकीची नळी धुण्याचा. हसू नका, शेवटपर्यंत वाचा :)

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ठासणीची बंदूक फक्त म्युझियममध्ये किंवा सिनेमातच पाहिली असेल. पण ती इतिहासजमा झालेली नाही. कोकणात, विशेषतः सिंधुदुर्गात, शेती संरक्षणाच्या परवान्यावर ती आजही शेतकऱ्यांकडे आहे. आमच्या मामाकडेही एक आहे. मामाचं शेत जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातल्या कुंभार पिंपळगावच्या शिवारात. हा जायकवाडीच्या डाव्या कालव्याचा पट्टा, त्यामुळे ऊस भरपूर. ऊस म्हणजे रानडुकरांसाठी तयार लपायची जागा. दिवसा उसात झोपायचं आणि रात्री शेजारच्या रानात जेवायला जायचं!

आता पहिला प्रश्न, इतकी जुनी बंदूकच का? याचं उत्तर कायद्यात आहे. १९५९ चा शस्त्र कायदा पिकाच्या राखणीसाठी जो परवाना देतो तो मुळात ठासणीच्या बंदुकीचा. ती पुरेशी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तरच गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक. म्हणजे शेतकऱ्याच्या हातात एकोणिसाव्या शतकातलं तंत्रज्ञान आलंय ते त्याला हौस आहे म्हणून नाही, आपल्या कायद्याने ते दिलंय म्हणून. आणि हो, परवाना असला म्हणजे रानडुक्कर मारायची मुभा मिळाली असं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे त्यासाठी वेगळी परवानगी लागते. मामा छर्रे भरतच नाही. नुसत्या दारूचा बार काढतो, आवाजाने कळप पांगतो, काम झालं.

पण बार नुसता असो की छर्ऱ्यांचा, नळीच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. कारण घाण दारूची असते. इथे थोडं केमिस्ट्री, बारावीला कंटाळा आला असेल तरी आता वाचाच.

काळी दारू म्हणजे साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक. जळल्यावर या सगळ्याचा धूर होऊन तो निघून जातो असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. नोबल आणि एबल या दोघा ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १८७० च्या दशकात मोजून दाखवलं की वजनाने निम्म्याहून जास्त दारू घन पदार्थ होऊन उरते. त्यातली काही धुराबरोबर उडते आणि बाकीची नळीला आतून चिकटून बसते. त्यात पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट, सल्फाईड असे क्षार असतात. त्यातलं कार्बोनेट हवेतला ओलावा ओढून घेतं. म्हणजे लोखंडाच्या नळीत आतून ओल्या मिठाचा लेप! पावसाळी हवेत एका रात्रीत गंज धरायला सुरुवात होते.

आता गंमत बघा. शहरी डोकं काय म्हणतं? लोखंड आहे, गंजेल, तेल लावा, पाणी तर अजिबात नको. आणि हेच नेमकं उलटं आहे. हे क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. घाणीवर तेल घातलं की त्याचा डांबरासारखा चिकटा होतो आणि त्याच्याखाली गंज निवांत वाढत राहतो. मामाचं सूत्र चार शब्दांचं आहे, "आधी पानी, मंग त्याल." सगळं शास्त्र त्यात आलं.

पद्धतही सोपी आहे. सगळ्यात आधी बंदूक रिकामी आहे याची खात्री. रिकाम्या नळीत गज किती आत जातो त्याची खूण गजावर करून ठेवलेली असते. गज खुणेपर्यंत गेला नाही तर आत काहीतरी आहे, मग पुढचं सगळं थांबवायचं. टोपी बसते ते निपल काढायचं. मग गरम पाणी, हवं तर साबणाचे दोन थेंब, आणि गजाला गुंडाळलेली चिंधी खालीवर. पहिलं पाणी काळं कुळकुळीत निघतं आणि त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो सल्फाईडचा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करायचं. मग कोरड्या चिंध्या, एकामागून एक, शेवटची कोरडी आणि पांढरी निघेपर्यंत. नळी अजून कोमट आहे तोवर तेलाचा पातळ हात. पुढच्या वेळी दारू भरण्याआधी ते तेल पुसायचं, नाहीतर दारू भिजते आणि बार उडत नाही. एकूण वेळ अर्धा तास. खर्च म्हणाल तर शून्य.

हे ज्ञान नवीन नाहीये. २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई आठवा, जी आजच्या जालना जिल्ह्यातच झाली. शिंद्यांच्या तोफा काय आणि वेलस्लीच्या तोफा काय, सगळ्या तोंडाकडून भरायच्या. अशा तोफेत दर गोळ्यानंतर ओला बोळा आत फिरवायचा असतो, कारण धगधगता कण आत राहिला आणि त्यावर नवी दारू पडली तर पहिला बळी तोफ भरणाराच. ज्याच्या हातात तो बोळा, त्याच्या हातात बाकीच्यांचे जीव. इतिहासाच्या पुस्तकात त्याचं नाव अर्थातच नसतं.

किंवा १८५७ घ्या. काडतुसांना गाय आणि डुकराची चरबी लावलीय ही बातमी पसरली, हे आपण शाळेत शिकलो. पण काडतुसाला वंगण लावायचंच कशाला, हे मला तरी कोणी शिकवलं नाही. एनफिल्डही ठासणीचीच. चार बार झाले की नळीत कीट साचतं आणि पुढची गोळी खाली सरकत नाही. वंगणाने कीट मऊ राहतं, गोळी सहज उतरते. एका नळीतल्या कीटाशी तेवढ्या मोठ्या घटनेचा एक धागा जोडलेला आहे!

आता माझ्या मुद्द्यावर येतो. परवाना देताना आपण माणसाची सगळी चौकशी करतो. गुन्हा आहे का, सातबारा आहे का, शेत जंगलाजवळ आहे का. २०१६ च्या शस्त्र नियमांत सुरक्षा-प्रशिक्षणाची तरतूदही आली. पण जुने परवाने त्याच्या कितीतरी आधीचे. आजोबांच्या नावावरून वडिलांच्या आणि वडिलांच्या नावावरून मुलाच्या नावावर आलेले. बंदूक वारशाने येते, पण ती धुण्याची सवय वारशाने येतेच असं नाही. मुलगा पुण्यात कंपनीत, म्हातारा गावात, आणि बंदूक खुंटीवर. गंजाने आतून खाल्लेली नळी बाहेरून अगदी ठणठणीत दिसते. फुटते तेव्हा धरणाऱ्याच्या तोंडाजवळ फुटते.

दुसरी गोष्ट निवडणुकांची. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलिस ठाण्यात जमा करायच्या नोटिसा निघतात. सरसकट सगळ्यांच्या नाही, छाननी समिती ठरवेल त्यांच्या, असं निवडणूक आयोगाचं म्हणणं आहे. तरी सिंधुदुर्गातले शेतकरी दर वेळी तक्रार करतात की ऐन राखणीच्या दिवसांत बंदूक जाते. २०२४ साली लोकसभेची घोषणा १६ मार्चला झाली आणि मतमोजणी ४ जूनला. विधानसभेची घोषणा १५ ऑक्टोबरला, मतमोजणी २३ नोव्हेंबरला. म्हणजे एका वर्षात दोनदा. आदल्या रात्री बार काढलेली, न धुतलेली बंदूक अडीच-तीन महिने कोठारात पडली तर काय होईल, हे वरची केमिस्ट्री वाचलेल्याला वेगळं सांगायला नको. आणि त्याहून गंभीर म्हणजे ठासणीची बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे वरून दिसत नाही. उघडून बघायला मागे काहीच नसतं. टोपी काढली तरी दारू आतच असते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. परवान्याच्या नूतनीकरणाला एक पानाचं मराठी पत्रक द्या, त्यात वरची पद्धत असू द्या. बंदूक जमा करून घेताना गज घालून बघा आणि पावतीवर तीन शब्द लिहा, "रिकामी, धुतलेली, तेललेली". नोटीस देतानाच धुवून आणायला सांगा. यासाठी नवा कायदा नको, बजेट नको, समिती तर नकोच नको.

काही जण म्हणतील, बंदुका हव्यातच कशाला? कुंपण द्या, नुकसानभरपाई वेळेवर द्या. मला हे पूर्ण मान्य आहे. मामाच्या बांधावर उद्या चांगलं सौर कुंपण आलं तर बंदूक परत करायला सगळ्यात आधी मामीच निघेल! पण ते येईपर्यंत बंदूक घरात आहे, आणि घरात आहे तोवर ती स्वच्छ आणि रिकामी असलीच पाहिजे. जुनी सिस्टीम बंद करायचं ठरलं म्हणून ती चालू असेपर्यंत तिची देखभाल थांबवायची नसते, हे आपल्या धंद्यातल्या कोणालाही कळेल.

तेव्हा गावी कोणाकडे अशी बंदूक असेल तर या रविवारी फोन लावा. पाऊस-पाणी, पोरंबाळं सगळं विचारून झालं की एवढं विचारा, "शेवटचा बार कधी काढला होता, आणि नळी धुतली का?" एक गोष्ट मात्र बजावून सांगा. आत काही अडकलेलं असेल तर घरी खटपट न करता ती परवानाधारक बंदूक कारागिराकडेच न्यायची.