बोलणारा कर्ण आणि मूक निषादी

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. ठाण्यापासून डोंबिवली-कल्याणपर्यंतचा वाचक अशा संस्थांच्या आधाराने घडला. मराठी वाचकाने डोक्यावर घेतलेल्या कादंबऱ्यांत शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) अग्रभागी आहे. सूतपुत्र म्हणून हिणवल्या गेलेल्या कर्णाच्या औदार्याने वाचक हेलावतो. परंतु या सहानुभूतीचे सारे श्रेय कर्णाच्या गुणांना देऊन चालणार नाही.

या कादंबरीत कर्ण स्वतः बोलतो. कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण हेही बोलतात. द्रौपदीला मात्र निवेदन दिलेले नाही. भर सभेत जिची विटंबना झाली, तिच्या नजरेने कर्णाकडे पाहण्याचा प्रसंगच वाचकावर येत नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’मध्ये कर्ण बोलत नाही, त्याची चिकित्सा होते, आणि तोच पुरुष वेगळा दिसू लागतो.

प्रश्न याहून खोल आहे. कर्ण मुळात कुंतीचा पुत्र, हे वाचकाला ठाऊक असते. मग त्याचे मन कळवळते ते सूतांवरील अन्यायाने, की सूताघरी वाढलेल्या राजपुत्रावरील अन्यायाने? शोण हा अधिरथाचा खरा पुत्र. त्यालाही वाणी मिळते, पण ती मुख्यतः थोरल्या भावाची थोरवी सांगण्यात खर्ची पडते.

आणि ज्यांना वाणीच नाही त्यांचे काय? महाभारतातील लाक्षागृहात एक निषादी आपल्या पाच पुत्रांसह जळून गेली. पांडव वाचले म्हणून श्रोता सुटकेचा नि:श्वास टाकतो. त्या सहा जिवांसाठी कोणी थांबत नाही, कारण कथा पांडवांबरोबर भुयारातून बाहेर पडलेली असते.

म्हणून ‘मृत्युंजय’ बाजूस सारावी, असे नव्हे. हिणवलेल्याची व्यथा त्याच्याच मुखाने ऐकविणे ही तिची मोठी कामगिरी आहे. मात्र ती वाचताना कोण बोलले, याबरोबरच कोणाला बोलू दिले नाही, हेही कार्यकर्त्याने विचारले पाहिजे. झोपड्या हटवून रस्ता रुंद झाल्याची बातमी वाचणारा बहुधा त्या रस्त्यावरून जाणाऱ्याच्याच नजरेने ती वाचतो. कादंबरी वाचताना जडलेली ही सवय बातमी वाचताना सुटत नाही.