दुआ हवीच, गोळीही जवळ हवी

आमच्या मालवण किनाऱ्यावर कुणाची झोप उडाली, कुणी एकटाच बडबडू लागला, की शेजारीपाजारी निदान करून मोकळे होतात. हिंदू घरात म्हणतात देवस्की, आमच्या घरात म्हणतात आसेब. फारच वाढले तर दोन्हीकडे एकच वाक्य येते, 'रत्नागिरीला न्या.' तिथे मनोरुग्णालय आहे, म्हणून गावाचे नावच शिवीसारखे झाले आहे. यावर शहरातले शहाणे लोक सांगतात की खेड्यातली माणसे, त्यातही मुसलमान, अंधश्रद्ध. म्हणून डॉक्टरकडे जात नाहीत. हे अर्धसत्य आहे, आणि ते सरकारच्या फार सोयीचे आहे.

माणूस आमिलकडे का जातो ते बघा. आमिल जवळ असतो. मगरिबनंतरही भेटतो. कागद मागत नाही, अर्धा तास ऐकून घेतो आणि बाईला नावानिशी 'बेटी' म्हणतो. याउलट किनाऱ्यावरच्या आडगावातून ओरोसचे जिल्हा रुग्णालय गाठायचे तर एसटी बदला, रांग लावा, आणि रुग्ण व सोबतचा अशा दोघांचा रोज बुडवा. एकदा हेही लोक करतात. पण हे आजार एका फेरीत बरे होत नाहीत. गोळ्या महिनोन्महिने लागतात, काहींना वर्षानुवर्षे. घरातला कर्ता आखातात किंवा मुंबईत, घरी म्हातारी सासू आणि शाळेतली पोरे. दर महिन्याला जाणार कोण? गोळ्या सुटतात, आजार उलटतो, आणि गाव म्हणते, 'बघा, डॉक्टरानेही काही झाले नाही.' अशी घरे मी पाहिली आहेत. त्यांचा डॉक्टरवरचा विश्वास आधी तुटला नव्हता. आधी तुटल्या त्या फेऱ्या.

आता कायदा काय म्हणतो ते वाचा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि मे २०१८ मध्ये लागू झाला. त्याच्या १८व्या कलमात स्पष्ट तरतूद आहे की रुग्णाला उपचारासाठी लांबचा प्रवास करावा लागू नये, सेवा त्याच्या राहत्या ठिकाणाजवळ मिळावी. दारिद्र्यरेषेखालच्या आणि निराधार माणसाला उपचार मोफत. अत्यावश्यक यादीतली औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी दवाखान्यांत सदैव आणि विनामूल्य. आमच्याकडे त्या पायरीवर येते ते ग्रामीण रुग्णालय. म्हणजे तालुक्याच्या गावी गोळी मिळणे ही कुणाची मेहेरबानी नाही, हक्क आहे. रस्त्यासाठी, नळासाठी आपण निवेदने देतो. या गोळीसाठी कुणी निवेदन दिलेले तुम्ही ऐकले आहे का? २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आले. पंचनाम्यात होड्या, जाळी, छपरे, कलमे आली. उडालेल्या झोपेला रकाना नव्हता, आणि आपणही तो मागितला नाही.

सरकारला बोललो, आता घरच्यांना. 'नमाज पढ, सगळे ठीक होईल. तुझा ईमान कमजोर आहे,' असे उदास माणसाला सांगणारे दीनदार लोक आपल्यात पुष्कळ आहेत. मधुमेह झालेल्याला हे कुणी सांगत नाही. आजार आहे तिथे इलाजही आहे, तो करून घ्या, ही पैगंबरांची (स.) शिकवण आहे. बल्खच्या अबू झैद यांनी हजारेक वर्षांपूर्वी शरीर आणि मन या दोन्हींच्या जपणुकीवर ग्रंथ लिहिला. कारण असलेले दुःख आणि कारणाशिवाय येणारे दुःख त्यांनी वेगळे केले, आणि दुसऱ्याचे मूळ शरीरात शोधले. कैरोत १२८४ साली उभ्या राहिलेल्या इस्पितळात मनोरुग्णांसाठी स्वतंत्र विभाग होता. हा वारसा सोडून आपण मुलीचा आजार निकाह होईपर्यंत लपवतो आणि मुलाला खोलीत कोंडतो. तमिळनाडूत एरवाडीला, दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या खासगी आश्रमात, ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली. साखळीने बांधलेली २८ माणसे जळून मेली. त्यांना तिथे पोचवणारे बहुतेक नातेवाईकच होते.

'मानसोपचारतज्ज्ञच कमी आहेत, गावोगाव कुठून आणणार?' हा नेहमीचा प्रश्न. उत्तर शेजारच्या गोव्यात आहे. तिथे 'संगत' संस्थेने आरोग्यक्षेत्राचे शिक्षण नसलेल्या स्थानिक लोकांना समुपदेशन शिकवले आणि आरोग्य केंद्रांत बसवले. सरकारी केंद्रांत बरे होणाऱ्यांचे प्रमाण वाढले, आणि हा अभ्यास २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. नाशिक जिल्ह्यात 'आत्मीयता' उपक्रमात गावातलेच स्वयंसेवक दुःखी माणसाशी बोलायला शिकले. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा-दुआ' उपक्रम चालतो. दुआ करणारा मुजावर दुआ करतो, आणि रुग्णाला त्याच आवारात बसलेल्या डॉक्टरकडेही पाठवतो. कुणाच्या श्रद्धेला धक्का लागला नाही.

म्हणून मागणी साधी आहे. ग्रामीण रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञाचा वार ठरवा आणि तो फलकावर लिहा. एकदा निदान झालेल्या रुग्णाची महिन्याची गोळी त्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवा. आशाताईंना या कामाचे प्रशिक्षण द्या, आणि त्याचा मोबदलाही द्या. आपल्या जमातींनी या मागणीचा ठराव करून तो तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्यावा. शेजारच्या वाडीचीही सही घ्यावी, कारण देवस्की आणि आसेबवर गोळी एकच चालते. इमामसाहेबांनी एका जुम्म्याच्या बयानात सांगावे की मनाचा आजार हा आजारच आहे. आणि मशिदीच्या फलकावर नमाजच्या वेळांखाली १४४१६ हा 'टेलिमानस'चा क्रमांक लिहावा. फोनला पैसे पडत नाहीत, चोवीस तास कुणीतरी उचलते, मराठीतही बोलते. खडूचा एक तुकडा पुरतो. येत्या जुम्म्याच्या आत तेवढे तरी करा.