युद्धकाळातील मजूरमंत्री आणि भंडारा

मे 1954 मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. त्या वेळी हा जिल्हा मध्य प्रदेशात होता, गोंदिया त्यातच मोडत असे आणि मतदारसंघातून दोन सदस्य निवडले जात. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता विजयी झाले. राखीव जागेवर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा सुमारे 8,000 मतांनी पराभव केला. घटनेच्या शिल्पकाराचा पराभव म्हणून या निकालाची आठवण निघते. परंतु तुमसर तालुक्यातील मँगनीजच्या खाणींत आणि गावोगावच्या विडी कारखान्यांत राबणाऱ्या या जिल्ह्याने ज्यांना नाकारले, ते आठच वर्षांपूर्वीपर्यंत देशाचे मजूरमंत्री होते, आणि तेही बव्हंशी महायुद्धाच्या धामधुमीत, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

जुलै 1942 मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या कार्यकारी मंडळात आंबेडकर दाखल झाले. लोक त्यांना मंत्री म्हणत. वास्तविक गृह व अर्थ ही खाती इंग्रजांच्या हाती होती आणि युद्धाचे सूत्र सरसेनापतीकडे होते. मंडळ उत्तरदायी होते ते व्हाइसरॉयला. त्याच युद्धात अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचे मंत्रीही कायदेमंडळातून आलेले नव्हते, तेही केवळ अध्यक्षाला जबाबदार होते. 1940 मध्ये युद्ध आणि नौदल ही खाती स्टिमसन आणि नॉक्स या विरोधी पक्षीयांना देण्याचे औदार्य रूझवेल्ट यांनी दाखविले. उपाध्यक्षाची प्रतिष्ठा किती, याचा प्रत्यय तर ट्रुमन यांनाच आला. 82 दिवस त्या पदावर काढूनही अणुबाँबची खरी हकिकत त्यांना अध्यक्ष झाल्यावर स्टिमसन यांच्याकडून कळली! तथापि रूझवेल्ट यांना नोव्हेंबर 1944 मध्ये, ऐन लढाईत, मतदारांपुढे उभे राहावे लागले. दिल्लीतील मध्यवर्ती विधिमंडळ मात्र 1934 च्या निवडणुकीवरच 1945 पर्यंत चालविले गेले.

अशा मंडळात राहावे की नाही, हा त्या काळचा जळता प्रश्न होता. फेब्रुवारी 1943 मध्ये गांधीजींचे उपोषण सुरू होताच यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे यांनी, होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्यासह, राजीनामा दिला. त्याच वर्षी नागपूरचे डॉ. ना. भा. खरे मंडळात आले. आंबेडकर राहिले. त्यांच्या राहण्यावर तेव्हा कठोर टीका झाली. अण्यांच्या त्यागाचे मोल कमी नाही. पण जो राहतो त्याचा हिशेब त्याने खात्यात काय केले यावरूनच करावा लागतो.

त्या हिशेबात नावे पडणारी रक्कमही आहे. कोळशाचा तुटवडा पडताच खाणीत जमिनीखाली स्त्रियांना कामास लावण्यावरील बंदी 1943 मध्ये उठविण्यात आली. ती पुन्हा लागू व्हायला 1946 साल उजाडले. युद्धाची निकड म्हणून या निर्णयाचे समर्थन करण्याची वेळ ज्या मंत्र्यावर आली, त्याच्या आयुष्यभराच्या भूमिकेशी तो विसंगत होता, हे त्याच्या चाहत्यांनीही मान्य करावे. डिसेंबर 1943 मध्ये ते स्वतः धनबादकडील खाणीत उतरले. 1944 च्या आरंभी कोळसा खाणकामगारांच्या कल्याणनिधीचा वटहुकूम निघाला. खाणकामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या कायद्यात 1943 आणि 1945 मध्ये दुरुस्त्या झाल्या. हा कायदा कोळशापुरता नव्हता, सर्वच खाणींसाठी होता.

जमेची बाजू याहून मोठी आहे. ऑगस्ट 1942 मध्ये, देश पेटण्याच्या तोंडावर, आंबेडकरांनी सरकार, मालक आणि कामगार यांना त्रिपक्षीय परिषदेत एकत्र बसविले. 1944 मध्ये नेमलेल्या रेगे समितीने विडी कामगारांच्या स्थितीचीही पाहणी केली. 1945 च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामगाराला 10 दिवसांची भरपगारी रजा मिळाली आणि 1946 मध्ये आठवड्याचे कामाचे तास 54 वरून 48 वर आले. अमेरिकेत रूझवेल्ट यांच्या मजूरमंत्री फ्रान्सिस पर्किन्स 1933 पासून 1945 पर्यंत त्याच खात्यावर होत्या. 40 तासांपुढील कामाला दीडपट वेतन देण्याचा 1938 च्या कायद्याचा दंडक तेथेही युद्धाच्या नावाखाली मोडला गेला नाही. फरक एवढाच, की पर्किन्सबाईंच्या पाठीशी चार वेळा निवडून आलेला अध्यक्ष होता. आंबेडकरांच्या पाठीशी मंडळात कोणीच नव्हते.

तासांचा तो प्रश्न आता पुन्हा उभा राहिला आहे. सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाची मर्यादा 9 तासांवरून 12 तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे 48 तास कायम राहतील, असे सांगण्यात आले. त्याच वर्षाच्या जानेवारीत भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगर आयुध निर्माणीतील स्फोटाने 8 कामगारांचा बळी घेतला होता. दहा तास उभा राहिलेला माणूस अकराव्या आणि बाराव्या तासाला यंत्रापुढे किती सावध असतो, याची तपासणी हा निर्णय घेण्यापूर्वी झाली असेल, तर तिचा अहवाल सरकारने विधिमंडळापुढे ठेवावा. झाली नसेल, तर पहिल्या 12 तासांच्या पाळीचा भोंगा वाजण्यापूर्वी कामगार संघटनांना आणि मालकांना एका टेबलाभोवती बोलवावे. 1942 मध्ये, जपानी फौजा ब्रह्मदेशात येऊन ठेपल्या असताना, तेवढी सवड दिल्लीला मिळाली होती.