कंपनीच्या मेलचे दप्तर कोणाच्या ताब्यात?

सरकारी कचेरीत अन्याय झाला तर निदान फाईल असते. तिच्यावर शेरे असतात, आवक-जावक नोंद असते आणि २००५ पासून ती माहितीच्या अधिकारात मागता येते. आपल्या कार्यकर्त्यांनी या अधिकाराचा वापर करून किती बिंदुनामावल्या आणि पदोन्नतीच्या याद्या उजेडात आणल्या, हे वाचकांना सांगायला नको. परंतु आज आपली शिकलेली मुले-मुली मोठ्या संख्येने पुण्या-बंगळूरच्या खाजगी कंपन्यांत आहेत. खाजगी कंपनीच्या दप्तराला माहिती अधिकार लागू नाही. बढती का नाकारली, बदली कोणी सुचविली, अमक्याबद्दल कोणी कोणाला काय लिहिले, याचे सारे दप्तर ई-मेलमध्ये असते आणि त्याची किल्ली मालकाकडे असते. वकील म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलांना या दप्तराची काहीच कल्पना नसते. 'साहेबाने मेल डिलीट केला, आता पुरावा संपला' असे समजून ती हातपाय गाळतात. वस्तुस्थिती तशी असतेच असे नाही.

कंपनीचा मेल हल्ली बहुधा कंपनीच्या इमारतीत नसतो. मायक्रोसॉफ्ट, गूगल यांच्यासारख्यांच्या संगणकांवर भाड्याने घेतलेल्या जागेत तो असतो. यालाच क्लाउड म्हणतात. मेल सर्व्हरवरून जात असतानाच त्याची हुबेहूब प्रत काढून वेगळ्या पत्त्यावर पाठवायची, या व्यवस्थेला जर्नलिंग म्हणतात. या प्रतीबरोबर एक नोंद जोडलेली असते. पाठविणारा कोण, घेणारे कोण कोण, हे तिच्यात येते. बीसीसी करून गुपचूप ज्याला प्रत दिली त्याचेही नाव येते. 'सर्व व्यवस्थापक' अशा गटाला मेल गेला असेल तर गटातील माणसेही उघडी पडतात. ही प्रत जेथे जाऊन पडते ते आर्काइव्ह, म्हणजे अभिलेखागार. तेथे प्रत्येक मेलची शोधसूची तयार होते, मजकुरात फेरफार झाला तर कळावा म्हणून त्याचा 'हॅश', म्हणजे आकडी ठसा, घेतला जातो आणि मेल किती वर्षे ठेवायचा याचा नियम लावला जातो. पाठविणाऱ्याने आपल्या पेटीतून मेल पुसला तरी येथील प्रत राहते. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड मेलमध्ये तर जर्नलची पेटी त्याच व्यवस्थेत ठेवताच येत नाही, ती बाहेर न्यावी लागते. क्लाउड आर्काइव्हचा धंदा करणाऱ्या अनेक कंपन्या यावरच उभ्या आहेत.

ही व्यवस्था नसेल तर? मग मेलचे आयुष्य फार थोडे. गूगलमध्ये कचरापेटीतला मेल ३० दिवसांनी जातो, त्यानंतर कंपनीच्या प्रशासकाला तो परत आणायला आणखी २५ दिवस मिळतात. मायक्रोसॉफ्टमध्ये पूर्ण पुसलेला मेल साधारणपणे १४ दिवस आणि प्रशासकाने वाढविले तर ३० दिवस परत आणता येतो. नोकरी गेलेल्या माणसाचा परवाना काढला की विशेष तजवीज केली नसल्यास ३० दिवसांनी त्याची अख्खी पेटी जाते. आपला माणूस गावी जाऊन, नातेवाईकांशी बोलून, वकील शोधेपर्यंत दोन महिने उलटलेले असतात.

येथे एक बाब स्पष्ट केली पाहिजे. जर्नलिंग काही कामगाराच्या भल्यासाठी निघालेले नाही. अमेरिकेतील शेअरदलाल कंपन्यांनी धंद्याचा पत्रव्यवहार किमान तीन वर्षे जपावा, असा तेथील बाजार नियंत्रकाचा नियम आहे. २००२ मध्ये पाच मोठ्या कंपन्यांना मेल जपले नाहीत म्हणून मिळून ८२ लाख ५० हजार डॉलर दंड झाला. एन्रॉनच्या दिवाळखोरीनंतर त्याच वर्षी सारबेन्स-ऑक्सली कायदा आला आणि तपास अडविण्यासाठी कागद नष्ट करण्याला २० वर्षांपर्यंत कैद ठरली. २०२२ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपसारख्या खाजगी साधनांवर धंदा बोलल्याबद्दल १६ वित्तीय कंपन्यांना बाजार नियंत्रकाने १ अब्ज १० कोटी डॉलरचा दंड केला. गुंतवणूकदाराचे पैसे बुडू नयेत म्हणून एवढी दक्षता!

तरीही या दप्तराचा उपयोग एका नोकरदार बाईने कसा करून घेतला, हे आपण समजून घेतले पाहिजे. लॉरा झुबुलेक ही यूबीएस या बँकेत शेअरचा व्यवहार पाहणारी अधिकारी. बाई म्हणून आपल्याला डावलले जाते अशी तक्रार तिने ऑगस्ट २००१ मध्ये सरकारी आयोगाकडे केली आणि ऑक्टोबरमध्ये तिला काढून टाकले. खटल्यात बँकेने सुमारे १०० पाने मेल दिले आणि संपले म्हणून सांगितले. परंतु झुबुलेकजवळ स्वतःचेच सुमारे ४५० पाने मेल होते. बँक सगळे देत नाही, हे त्यावरूनच उघड झाले.

बँकेकडे दोन प्रकारचे साठे होते. एक, ठराविक व्यवहार अधिकाऱ्यांचे बाहेर जाणारे-येणारे मेल जाता-येताच न पुसता येणाऱ्या तबकड्यांवर उतरत होते. हेच आजचे जर्नलिंग. पण या व्यवस्थेत कार्यालयातले आपसातले मेल घेतलेच जात नव्हते! म्हणजे ग्राहकाशी काय बोलणे झाले ते जपले जाई. या बाईला काढायचे कसे, हे साहेब लोक एकमेकांना लिहीत असतील तर ते त्या तबकडीवर येणारच नव्हते. जर्नलचा नियम कोणावर लावायचा आणि कोणाला वगळायचे, हे मालक ठरवितो. वाद येथेच आहे. दुसरा साठा बॅकअपच्या फितींचा. न्यायमूर्ती शिरा शायंडलिन यांनी आधी पाच फिती उघडून पाहायला लावल्या. त्यांत खटल्याशी संबंधित सुमारे ६०० मेल निघाले. मग उरलेल्या फिती उघडण्याचा तीन चतुर्थांश खर्च बँकेवर टाकला. काही फिती गहाळ होत्या, जपून ठेवा असे सांगितल्यावरही काही मेल पुसलेले होते. २००४ मध्ये न्यायालयाने ठरविले की पुसलेले मेल बँकेच्या विरोधातच गेले असते, असा निष्कर्ष पंचांना काढता येईल. एप्रिल २००५ मध्ये पंचांनी २ कोटी ९३ लाख डॉलर भरपाईचा निकाल दिला.

जातीचा प्रश्न अमेरिकेतील कंपन्यांतही पोहोचला आहे. २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या यंत्रणेने सिस्को कंपनीविरुद्ध दलित अभियंत्याशी भेदभाव झाल्याचा दावा लावला. २०२३ मध्ये दोन वरिष्ठांवरील दावा मागे घेतला गेला, परंतु कंपनीवरील चालू राहिला. असे दावे कोणी, केव्हा, कोणाला काय सांगितले यावरच उभे राहतात किंवा पडतात.

आता आपल्याकडे काय? हिशेबाची पुस्तके आठ वर्षे ठेवा असे कंपनी कायदा सांगतो. पण वरिष्ठाने कर्मचाऱ्याबद्दल लिहिलेला मेल अमुक वर्षे ठेवा, असा सरसकट कायदा नाही. संगणकीय पुराव्याला प्रमाणपत्र लागते, पूर्वी कलम ६५ब खाली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली. नव्या नमुन्यात हॅश द्यावा लागतो आणि तज्ज्ञाचीही सही लागते. सर्व्हर कंपनीचा, मग काढून टाकलेला माणूस प्रमाणपत्र कोठून आणणार? याचे उत्तर आपल्या जालन्यातूनच आले आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून झालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर वि. कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये प्रमाणपत्र अनिवार्य ठरविले. परंतु ज्याच्या ताब्यात नोंद आहे तो प्रमाणपत्र देत नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येते, हेही त्याच निकालात आहे. आणि हाती असलेला पुरावा दडविला तर तो दडविणाऱ्याच्या विरुद्ध होता असे मानण्याची मुभा जुन्या पुरावा कायद्यातही होती, नव्यातही आहे.

मात्र न्यायालयाने मागवेपर्यंत मेल शिल्लक राहिला पाहिजे. आर्काइव्हमधील मुदत संपली की मेल आपोआप नष्ट होतो, तो थांबविण्याच्या कळीला 'लीगल होल्ड' म्हणतात. ती दाबायला कंपनीला भाग पाडणारी पहिली चीज म्हणजे आपली लेखी नोटीस. तिच्यात 'सर्व मेल जपा' असे मोघम लिहून उपयोग नाही. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणाकोणाच्या पेट्या, कोणते विषय, जर्नल आहे काय, असल्यास त्यात कोणाला वगळले आहे, आर्काइव्ह कोणत्या सेवेकडे आहे, हे सारे विचारावे. कार्यालयातील मेल घाऊक प्रमाणात स्वतःच्या खाजगी पत्त्यावर पाठवू नयेत. गोपनीयतेच्या करारावर बोट ठेवून उलट आपल्यावरच कारवाई होते. त्यापेक्षा तारीख, वेळ, विषय आणि कोणाकोणाला गेला, एवढे वहीत टिपून ठेवावे. तक्रार मात्र कार्यालयाच्याच मेलवरून करावी. फोनवर किंवा चहाच्या टपरीवर झालेली तक्रार कोणत्याही जर्नलमध्ये उतरत नाही.