चिकित्सा स्त्रीची, विसर पतीचा

आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही आयुर्वेद चिकित्सालयाची नोंदवही उघडली, तर 'श्वेतप्रदर' हा शब्द वारंवार आढळेल. 'अंगावर पांढरे जाते', एवढेच रुग्णा सांगते, आणि तेही मान खाली घालून. अनेकदा तिच्या वतीने सासू किंवा पतीच बोलतो. आपण नाडी पाहतो, लोध्रासव किंवा पुष्यानुग चूर्ण देतो, आंबट-तिखट वर्ज्य करावयास सांगतो आणि पुढील रुग्णाकडे वळतो. कित्येकदा रुग्णा येतही नाही. पतीच औषधालयात येऊन बाटली घेऊन जातो. या रूढ पद्धतीविषयी चार स्पष्ट शब्द लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते; कारण तीत एक प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. त्या पतीचे काय?

लैंगिक संसर्गाचा विषय निघाला की आपल्या समाजाचे लक्ष प्रथम स्त्रीच्या चारित्र्याकडे जाते. वस्तुस्थिती निराळी आहे. पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत १९९३ ते १९९६ या काळात झालेल्या आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देहविक्रय न करणाऱ्या ३९१ स्त्रिया होत्या. त्यांपैकी १३.६ टक्के स्त्रियांना एचआयव्हीचा संसर्ग झालेला आढळला. या स्त्रियांपैकी बहुतेकींचा संबंध केवळ स्वतःच्या पतीशी आलेला होता. त्यांचे स्वतःचे आचरण निर्दोष होते. धोका घरातूनच आला होता. त्यानंतर राज्यातील एचआयव्हीचे प्रमाण पुष्कळ घटले, परंतु संसर्गाची ती वाट बंद झालेली नाही.

दुसरा दाखला गडचिरोलीचा. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग अथवा लैंगिक रोग होते, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. हे सर्वच विकार संसर्गजन्य नव्हते, हे खरे. पण स्त्री बोलत नाही म्हणून तिला व्याधी नाही, असे समजणे किती चुकीचे आहे, हे या आकड्यांवरून कळते.

स्त्रीस धोका अधिक का, याची काही कारणे शरीरातच आहेत. योनिमार्गाच्या श्लेष्मल त्वचेचे क्षेत्र विस्तृत असते आणि दूषित शुक्र तेथे दीर्घकाळ राहते. अल्पवयात गर्भाशयमुखाचे आवरण नाजूक असते, म्हणून बालविवाह हेही या रोगांचे एक निदान मानले पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षे वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झालेला होता. शिवाय क्लॅमिडिया व परमा या संसर्गांत बहुसंख्य स्त्रियांना काहीच लक्षण जाणवत नाही. जेव्हा जाणवते, तेव्हा बीजवाहिन्यांना इजा होऊन वंध्यत्वाचे बीज पेरले गेलेले असते.

उर्वरित कारणे परिस्थितीत आहेत, आणि ती आपल्या डोळ्यांसमोर आहेत. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतील असंख्य कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीस जातात. पती-पत्नी मिळून एक 'कोयता' धरला जातो, मुकादमाची उचल डोक्यावर असते आणि एक खाडा झाला तरी पैसे कापले जातात. फडात ना शौचालय, ना स्वच्छ पाणी. अशा स्थितीत ती तपासणीसाठी कोणत्या दिवशी जाणार? मुले मोठी करावयाची म्हणून पत्नी गावी राहते आणि पती वाहनावर चालक म्हणून किंवा औद्योगिक वसाहतीत कामास महिनोन्‌महिने बाहेर असतो, अशीही घरे थोडी नाहीत. तो परततो तेव्हा निरोध वापरा असे म्हणण्याचे बळ तिच्यापाशी नसते. तसे म्हटले तर संशय तिच्यावरच येतो.

उपाय चुकीच्या ठिकाणी शोधला की काय होते, हे शेजारच्या बीड जिल्ह्याने दाखविले. राज्य शासनाने २०१९ साली नेमलेल्या समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे अशा तक्रारींचा शेवटही शस्त्रक्रियेत झाल्याची उदाहरणे पुढे आली. गर्भाशय काढल्याने पतीकडून येणारा संसर्ग थांबत नाही, हे त्या स्त्रियांना कोणी सांगितले असेल काय?

आपले शास्त्र या बाबतीत मौन नाही. संसर्गाने पसरणाऱ्या व्याधींचे मार्ग सांगताना सुश्रुतांनी मैथुनाचा निर्देश केला आहे. भावमिश्रांनी फिरंग रोगाचे वर्णन केले आहे. उपदंशाच्या निदानात मात्र दुष्ट योनी असलेल्या स्त्रीचा संपर्क सांगितला आहे, म्हणजे तेथे दृष्टी पुरुष रुग्णाची आहे. आजच्या वैद्याने तेच सूत्र उलट बाजूनेही वाचावयास हवे. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले अंग आपण मानतो. निदान पतीच्या शरीरात असेल, तर केवळ पत्नीस औषध देणे ही चिकित्सा अर्धवटच ठरते. ती बरी होते आणि पुन्हा दूषित होते. आपण त्यास जीर्ण प्रदर म्हणतो.

स्वतःच्या दोषांकडेही पाहू. प्रत्येक स्राव हा लैंगिक संसर्ग नव्हे. काही स्राव प्राकृत असतात, काही कृमी वा बुरशीजन्य असतात. म्हणून स्त्रीवर शिक्का मारणे जितके अनुचित, तितकेच न तपासता सर्वांस एकच कल्प देणे अनुचित आहे. योनिधावन हा आपला मोलाचा उपक्रम आहे, परंतु ओटीपोटात वेदना, ज्वर वा दुर्गंधी स्राव असताना तपासणीविना घरी धावन करावयास सांगू नये, कारण वारंवार धावनाचा संबंध अंतर्गत दाहाशी आढळला आहे. फिरंगाची तपासणी व पेनिसिलिन यांत गर्भिणीच्या बाबतीत एक दिवसाचाही विलंब क्षम्य नाही. तेथे मृतजन्माचा धोका असतो. अशा रुग्णेस पाठविण्यात आपल्या शास्त्राचा कमीपणा नाही.

औषधालयचालक बंधूंनाही आमची विनंती आहे. पतीने येऊन 'घरच्यांसाठी' तीन-चार गोळ्यांचे पाकीट मागावे आणि आपण ते चिठ्ठीविना द्यावे, हा व्यवहार थांबला पाहिजे. सेफिक्झिमसारखे औषध अनुसूची एच-१ मध्ये आहे, त्याची नोंद ठेवणे बंधनकारक आहे. पण कायद्यापलीकडची गोष्ट अशी की, अर्धवट मात्रेने लक्षण दबते, रोग राहतो आणि जंतू औषधास जुमानेनासे होतात. त्या ग्राहकास 'दोघांनी मिळून तपासून घ्या' हे एक वाक्य सांगणे आपल्याला काही जड नाही.

आमच्या सूचना मोजक्या आहेत. रुग्णेशी काही क्षण एकांतात, शक्य तर स्त्री वैद्य वा परिचारिकेच्या उपस्थितीत बोलावे. पतीचे वास्तव्य, त्याच्या तक्रारी आणि मागील उपचार यांविषयी सौम्य शब्दांत विचारावे. संशय असल्यास दोघांना शासकीय रुग्णालयाच्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये पाठवावे. तेथे तपासणी व उपचार विनामूल्य होतात. माहितीसाठी १०९७ हा क्रमांक भिंतीवर लावावा. एचआयव्हीविषयक २०१७ च्या कायद्यानुसार संमतीविना तपासणी करता येत नाही आणि तिचा निष्कर्ष नियमबाह्य रीतीने कोणासही सांगता येत नाही, मग तो नातेवाईक असो वा गावचा पुढारी, हेही ध्यानी असावे.

आपल्याच जिल्ह्यात जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले. स्त्री स्त्रीजवळ बोलते, हे त्या कार्याने सिद्ध केले. आपल्याजवळही ती बोलेल. मात्र तिला त्यासाठी दोन क्षणांचा एकांत आणि निर्दोष दृष्टी मिळाली पाहिजे. येत्या हंगामात ऊसतोडीहून परतलेली रुग्णा समोर बसेल, तेव्हा लोध्रासवाची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी लेखणी क्षणभर थांबवावी आणि तिच्या पतीसही बोलवावे, एवढीच व्यवसायबंधू-भगिनींस आमची प्रार्थना आहे.