राष्ट्रीय महत्त्वाचा सामना केबलवर का दिसू नये?



क्रिकेटच्या प्रक्षेपणहक्कांचे आकडे जाहीर झाले, की चर्चा होते ती क्रिकेट मंडळाच्या तिजोरीची आणि बोली जिंकणाऱ्या कंपनीच्या धाडसाची. हा पैसा शेवटी ज्याच्या खिशातून वसूल व्हायचा, त्या प्रेक्षकाला कायद्याने दिलेला एक हक्क मात्र गेली काही वर्षे कागदावरच उरला आहे. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने सरकारने राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून अधिसूचित केले आहेत. हक्क कोणत्याही सशुल्क क्रीडावाहिनीने घेतलेले असोत, अशा सामन्याचे थेट प्रक्षेपण तिला दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावेच लागते. तरीही ज्या घरात केबल किंवा खासगी डीटीएच आहे, त्या घरातल्या दूरदर्शनवर तो सामना दाखवण्याची सोय कायद्यात नाही. संसदेने कायद्यात दुरुस्ती करून ही विसंगती काढून टाकावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

या हक्काचे मूळ १९९३ च्या हीरो कपमध्ये आहे. बंगालच्या क्रिकेट संघटनेने त्या स्पर्धेचे प्रक्षेपण परदेशी कंपनीकडे सोपवले, दूरदर्शनने हरकत घेतली आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालाने दूरदर्शनची मक्तेदारी संपवली आणि खासगी वाहिन्यांची वाट मोकळी केली, हे सर्वांना आठवते. पण न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने त्याच निकालात दुसरीही गोष्ट तितक्याच ठामपणे सांगितली होती: प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहित सांभाळूनच झाला पाहिजे. खासगी क्रीडावाहिन्यांचा सारा व्यवसाय या निकालाच्या पहिल्या भागावर उभा आहे. दुसरा भाग तेवढा विसरायचा, हे न्यायाचे नाही.

२००७ च्या जानेवारीत वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेवरून हक्कधारक कंपनी आणि प्रसार भारती यांच्यात वाद पेटला. तेव्हा सरकारने आधी अध्यादेश काढला आणि मग संसदेने क्रीडा प्रक्षेपण संकेतांच्या सक्तीच्या वाटपाचा कायदा केला. त्यात हक्कधारकावर अन्याय नव्हता. सामना जाहिरातींविना दूरदर्शनला द्यायचा, दूरदर्शनने त्यावर आपल्या जाहिराती घ्यायच्या आणि त्या उत्पन्नातले ७५ टक्के हक्कधारकाला परत करायचे, अशी ती व्यवस्था आहे. चूक राहिली ती तिसऱ्या कलमाच्या शब्दांत. हे प्रक्षेपण प्रसार भारतीने आपल्या भूस्थित आणि डीटीएच जाळ्यावर दाखवावे, असे तिथे लिहिले गेले. केबलचा उल्लेख राहून गेला. दुसरीकडे, ठरावीक दूरदर्शन वाहिन्या केबलचालकाने दाखवल्याच पाहिजेत, असे १९९५ चा केबल कायदा सांगतो. त्यामुळे बरीच वर्षे हे सामने केबलवरच्या दूरदर्शनवरही दिसत राहिले. हक्कधारक न्यायालयात गेले आणि २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की वाटपाची सक्ती कायद्यात लिहिलेल्या दोन जाळ्यांपुरतीच आहे. न्यायालयाला मी दोष देत नाही. कायद्यात जे लिहिले आहे, तेच त्याने वाचले. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, माहिती व प्रसारण मंत्रालयाने नेमकी ही त्रुटी दूर करणारा दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. त्याचा कायदा काही झाला नाही.

मधल्या काळात परिस्थिती आणखी बिघडली. कायद्यातल्या दोन जाळ्यांपैकी भूस्थित जाळे, म्हणजे गच्चीवरच्या अँटेनाला मिळणारे दूरदर्शन, आता जवळपास इतिहासजमा झाले आहे. प्रसार भारतीने मोजकी ठिकाणे वगळता २०२२ पर्यंत आपले जुने अॅनालॉग प्रक्षेपक बंद केले. उरली फक्त प्रसार भारतीची मोफत डीटीएच सेवा, फ्री डिश. म्हणजे राष्ट्रीय महत्त्वाचा सामना पाहण्याचा नागरिकाचा हक्क त्याच्या छपरावर कोणती तबकडी आहे, यावर येऊन ठेपला. मग फ्री डिश घ्यावी, असे सहज सुचवले जाते. पण मुंबई-पुण्यातल्या चाळीत, झोपडपट्टीत किंवा भाड्याच्या खोलीत स्वतंत्र तबकडी लावायला जागा आणि परवानगी मिळणे सोपे नसते. तिथे वर्षानुवर्षे केबलच आहे. शिवाय केबलचे मासिक शुल्क भरणाऱ्या घरात दूरदर्शनची वाहिनी दिसतेच आहे. तीच वाहिनी तिथेही सामन्यासह दिसावी, एवढीच तर अपेक्षा आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा आहे. हजारो कोटी मोजून घेतलेली वस्तू फुकट वाटायला लावली, तर पुढे बोली कोण लावणार? या प्रश्नाचे उत्तर भूतकाळात आहे. २०१२ मध्ये स्टारने मंडळाचे मायदेशातील सामन्यांचे हक्क ३,८५१ कोटी रुपयांना घेतले, तेव्हा वाटपाचा कायदा लागू होता आणि दूरदर्शनवरचा सामना केबलच्या घरांतही पोहोचत होता. हे सारे ठाऊक असूनच ती बोली लागली. २०१८ मध्ये आकडा ६,१३८ कोटींवर गेला. त्या वाढीत २०१७ च्या निकालाचा काही वाटा असू शकेल, हे मी मान्य करतो. पण मोबाइलवरच्या प्रेक्षकांची वाढही त्याच काळातली आहे. आणि मंडळाच्या श्रीमंतीचा खरा आधार असलेली आयपीएल राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांच्या यादीत नाहीच. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे तिचे हक्क ४८,३९० कोटींना गेले, त्यातल्या एका रुपयालाही या दुरुस्तीचा धक्का लागत नाही. मैदाने, अकादम्या आणि रणजीपटूंचे मानधन यांसाठी पैसा हवा, हे खरेच आहे. तो मिळवायला आयपीएल आहे.

दुसरा आक्षेप असा, की आता सामने मोबाइलवर फुकट दिसतात, दूरदर्शन हवे कशाला? २०२३ चा विश्वचषक मोबाइलवर विनामूल्य होता आणि अंतिम सामना एकाच वेळी पाहणाऱ्यांचा आकडा ५ कोटी ९० लाखांवर गेला होता. पण कंपनीने धंद्यासाठी दिलेली सवलत आणि कायद्याने मिळालेला हक्क यांत फरक आहे. २०२३ आणि २०२४ ची आयपीएल रिलायन्सच्या जिओसिनेमाने फुकट दाखवली. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स आणि डिस्ने यांचा माध्यमव्यवसाय एक झाला आणि २०२५ च्या हंगामात थोडे पाहून झाल्यावर वर्गणी मागितली जाऊ लागली. कंपनीने वर्गणी घ्यावी, तो तिचा अधिकार आहे. मात्र या विलीनीकरणाने मायदेशातील मालिका, आयपीएल आणि आयसीसीच्या स्पर्धा एकाच छत्राखाली आल्या. जिथे विक्रेता एकच, तिथे ग्राहकाला दर मान्य करणे किंवा सामना सोडणे हे दोनच मार्ग राहतात. अशा वेळी सार्वजनिक वाहिनीची खिडकी उघडी असणे पूर्वीपेक्षा अधिक गरजेचे आहे.

ही खिडकी बंद केली तर काय होते, ते इंग्लंडने अनुभवले. २००५ ची अॅशेस मालिका चॅनल फोरवर विनामूल्य होती आणि तिचे प्रेक्षक एका क्षणी ८४ लाखांपर्यंत गेले. त्याआधीच, डिसेंबर २००४ मध्ये, इंग्लंडच्या मंडळाने २००६ पासूनचे थेट हक्क सर्वस्वी सशुल्क स्काय स्पोर्ट्सला विकले होते. २००९ ची अॅशेसही इंग्लंडनेच जिंकली, पण स्कायवर ती पाहणाऱ्यांचा उच्चांक सुमारे १९ लाखांवर थांबला. स्कायच्या पैशाने तिथल्या क्रिकेटचे भले केले, यात वाद नाही. तरीही २०१९ च्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत यजमान संघ पोहोचला, तेव्हा स्कायने स्वतःहून तो सामना चॅनल फोरलाही दिला आणि ८० लाखांहून अधिक लोकांनी तो पाहिला. पुढे त्याच मंडळाने काही सामने बीबीसीवर परत आणले. खेळाला पैशाइतकीच नव्या पिढीच्या नजरेची गरज असते, हे पैसा हाती आल्यावर त्यांना पटले. आपल्याकडे हॉकीचा विश्वचषक आणि संतोष करंडकाचे अंतिम टप्पेही याच यादीत आहेत. त्या खेळांना तर ही नजर क्रिकेटपेक्षा कितीतरी अधिक हवी आहे.

दुरुस्ती करायची तर वेळही हीच आहे. आयपीएल आणि आयसीसीच्या सध्याच्या करारांची मुदत २०२७ मध्ये संपते, मंडळाच्या मायदेशातील सामन्यांची मार्च २०२८ मध्ये. चालू कराराच्या मध्यावर नियम बदलले, तर फसवणूक झाल्याची हक्कधारकाची तक्रार रास्त ठरेल. नव्या निविदा निघण्यापूर्वी तिसऱ्या कलमात केबल आणि खासगी डीटीएचचा समावेश झाला, तर प्रत्येक कंपनी त्याचा हिशेब मांडूनच बोली लावेल. २०१८ चा मसुदा मंत्रालयाकडे तयार आहे. महाराष्ट्रातल्या खासदारांनी तो पुन्हा संसदेपुढे आणण्याची मागणी येत्या अधिवेशनातच करावी.